परस्पर

"तांबी बसवून किती वर्षं झाली?" डॉक्टरांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं आणि मी म्हटलं, "कुणाची?" पोटावर थंडगार चिकट लेप होता, साडी कमरेखाली ओढलेली होती आणि वरच्या छतावर बघत मी दुसऱ्या तासाच्या दहावी 'ब'चा विचार करत होते. डॉक्टर हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय. तुमचीच हो, यात माझी कशाला दिसेल, असं म्हणत त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. करड्या धुरकट चित्रात एक पांढरी ठसठशीत रेघ होती आणि तिच्या टोकाला आडवी दुसरी. बायका विसरून जातात, त्या सांगत होत्या. तुमच्यासारख्याच पाळी फार जाते, ओटीपोट दुखतं म्हणून येतात, आणि बघावं तर मुदत संपून गेलेली तांबी आत तशीच. तिचा खाली लोंबणारा दोरा वर सरकला की बाई बिनघोर राहते. मी म्हटलं, मी बसवलेली नाही. मग काय आपोआप गेली, असं त्यांनी विचारलं, आणि मला उत्तर आलं नाही. एरवी उत्तर घेतल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही, शाळेत त्याबद्दल माझं नाव आहे. बाळंतपण कुठं झालं? धुळ्याला. वय काय होतं? सतरा. त्यांचा हात जरासा थांबला. मग त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, की बाळंतपण झाल्या झाल्या बसवतात, घरच्यांना सांगूनच बसवतात, तुम्हालाही सांगितलं असेल, त्या वेदनेत राहिलं असेल लक्षात यायचं. मुदत पाच वर्षांची असते, पण मुदत संपली म्हणून ती विरत नाही, काढावी लागते. त्यांनी कापसाचा बोळा माझ्या हातात दिला. मी पोट पुसलं, पुसतच राहिले.

बाहेर आले तर जळगावचं नेहमीचं अकराचं ऊन होतं आणि मला माझी गाडी सापडेना. दवाखान्याच्या समोरच्या रांगेत दोनदा फिरले. तिसऱ्यांदा रसवंतीवाल्यानं हात करून दाखवली, ताई, ही नाही का तुमची. तीच होती. मी तिच्यावर बसले आणि चावी न लावता तशीच बसून राहिले. अंगात काहीतरी परकं आहे असं कळल्यावर ते आता टोचेल, हलेल, निदान जड वाटेल असं वाटत होतं. काहीच वाटत नव्हतं. तेच पोट, तोच परकर, तीच नाडी. तांबीची ती आकृती मी दर वर्षी फळ्यावर काढते. आमच्या शाळेत दहावीचा तो धडा बाकीचे शिक्षक 'घरी वाचून या' म्हणून सोडून देतात, मी सोडत नाही. मी फळ्यावर गर्भाशय काढते, नळ्या काढते, गोळ्या, निरोध, तांबी, शस्त्रक्रिया, सगळं नावानिशी सांगते. मुलं खाली मान घालून हसतात, मी त्यांना हसू देते आणि मग पुन्हा सांगते. पहिल्या वर्षी दोन पालक मुख्याध्यापकांकडे आले होते. मी त्यांनाही तोच धडा समजावून सांगितला. याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. फळ्यावरच्या त्या आकृतीसमोर उभी राहून मी शिकवत होते आणि आत तीच आकृती निवांत बसून ऐकत होती.

आईनं मान हलवली होती. हे मला गाडीवर बसल्या बसल्या आठवलं. खरं म्हणजे आठवलं म्हणणं बरोबर नाही, ते मला कायमच आठवत होतं, फक्त मी त्याचा अर्थ वेगळा लावला होता. धुळ्याच्या त्या बाळंतीण खोलीत आई माझ्या डोक्याशी उभी होती. बाळ झालं होतं, रडण्याचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला होता, आणि मला वाटत होतं की आता संपलं. तेवढ्यात तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या अंगावरून आईशी काही बोलल्या. आईनं माझ्याकडे बघितलं. मग बाईंकडे बघितलं आणि मान हलवली. एकदाच, ठाम. नंतर पुन्हा एक कळ आली, आतून कुणी मूठ घातल्याची, आणि मी ओरडले तेव्हा आई माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "व्हयनं, माय. आते व्हयनं." इतकी वर्षं मी समजत होते, की बाईंनी विचारलं असेल, मुलगी झाली, चालेल ना? आणि आईनं मान हलवली असेल, चालेल. त्या एका मानेवर मी आईला किती मोठं केलं होतं. आमच्या आजूबाजूला मुलगी झाली की दवाखान्यातच तोंडं पडायची, माझी आई मात्र हो म्हणाली. भूमिकाला मी ही गोष्ट सांगितली आहे. तू झालीस तेव्हा आजीनं लगेच मान हलवली, म्हणून. भूमिका आता बारा वर्षांची आहे आणि ती गोष्ट तिला पाठ आहे.

सोळाव्या वर्षी लग्न झालं. कागदावर अठरा होतं, ते कसं झालं ते वडिलांनी बघितलं. आमचं गाव पिंपळनेरजवळ. वडील, गिरधर आबा म्हणायचे त्यांना सगळे, माणूस म्हणून वाईट नव्हते, पण घरात त्यांच्यापुढे कुणी बोलत नसे, आणि कुणी बोलत नाही म्हणून सगळ्यांना सगळं पटतं असं त्यांचं ठाम मत होतं. दहावीला मला विज्ञानात गावात सगळ्यांत जास्त गुण पडले होते. प्रजननाचा तो धडा सरांनी आम्हाला शिकवलाच नव्हता, मुलींना सरळ मैदानावर खो-खो खेळायला पाठवलं होतं. मला खो-खो आवडायचा. निकालाच्या आठवड्यात धरणगावकडचं स्थळ आलं, ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान, एकुलता मुलगा, नाव हितेंद्र. चुलीपुढे बसलेल्या आईनं त्या दिवशी एक शब्द काढला नाही. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात पाळी चुकली, तेव्हा मला वाटलं, उन्हानं चुकली असेल. पाळी चुकणं म्हणजे काय, ते मला सासूबाईंनी सांगितलं, पेढ्यांचा बॉक्स हातात घेऊन. आणि रिवाजाप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सातव्या महिन्यात मला आईकडे पाठवलं.

मग भूमिका झाली, आणि मग काही झालं नाही. सासूबाई, बेबाबाई, दोन वर्षं गप्प होत्या. दोन वर्षांनंतर त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि मग थांबल्याच नाहीत. हळदीकुंकवाला, वरण घाटताना, शेजारणीशी बोलताना, माझ्या समोर आणि माझ्या मागे. आमच्याकडे एक पद्धत आहे, ती कुणी लिहून ठेवलेली नाही पण सगळ्यांना ठाऊक असते. सुनेला मूल राहत नसेल तर ती खोट माहेरून आलेली, तेव्हा तिचा इलाजही माहेरानंच करायचा. सासरच्यांनी तिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे खोट आपल्या घरात लावून घ्यायची. म्हणून दर दिवाळीला आणि दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला आईकडे धाडायचे, दाखवून आणा म्हणून. आणि आई मला घेऊन जायची. दवाखान्यात कधीच नाही. पिंपळनेरच्या पुढे डोंगराकडे एक म्हातारा जडीबुटी द्यायचा, त्याच्याकडे. तो मुळ्या द्यायचा आणि पैसे घ्यायचा नाही. आई त्या घरी आणून पाट्यावर वाटायची, उकळायची, गाळायची, आणि पहाटे उपाशीपोटी मला पेलाभर प्यायला लावायची. इतकं कडू की जीभ दुपारपर्यंत कुणाची तरी दुसऱ्याची वाटायची. मी प्यायचे. आई समोर उकिडवी बसून पेला संपेपर्यंत बघत राहायची. एकदा मी म्हटलं होतं, धुळ्याला त्या बाईंना दाखवू या का. तिनं एवढंच म्हटलं, की डाक्टर लोक कापाकापी करतात, हे घे, यानं होईल. मला ते पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं. डॉक्टरनं तपासून खोट माझीच आहे असं सांगितलं तर काय, ही भीती मलाही होतीच.

पण मला ज्याचा राग येत होता ते औषध नव्हतं. ते दुसरंच होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. भूमिका तीन वर्षांची झाल्यावर मी हट्टानं अकरावीला नाव घातलं. आम्ही जळगावला राहायला आलो होतो, दुकान इथं हलवलं होतं, आणि हितेंद्र म्हणाले, घरी बसून करतेस काय, शिक. त्यांच्या या एका वाक्यासाठी मी त्यांचं पुष्कळ काही सोडून देते. बारावी, मग बीएस्सी, मग बीएड. दर महिन्याला पाळी यायची, आणि घरात तोंडं पडायची, आणि मला, परीक्षा जवळ असली की, मनातून बरं वाटायचं. हे बरं वाटणं मी कुणालाही दिसू दिलं नाही. बाथरूमचं दार लावून मी हसायचे आणि मग स्वतःलाच घाबरायचे. देवाला कळत असेल, असं वाटायचं. माझ्या पोटालाही कळत असेल. आपल्याला नको आहे म्हणून ते बंद झालंय, आपण विज्ञान शिकतोय आणि आपल्याच इच्छेनं आपली कूस बांधली गेलीय, असं मी खरोखर मानत होते. पेशीविभाजनाचे टप्पे लिहून आले त्या दिवशी संध्याकाळी मी शनिपेठेतल्या देवळात नाक घासलं आहे. नोकरी लागली तेव्हा पहिला महिनाभर मला आनंद घेता आला नाही, कारण तो मी एका न झालेल्या मुलाकडून काढून घेतलाय असं वाटायचं. सासूबाई टोमणे मारायच्या तेव्हा मी उलट बोलत नसे. लोकांना वाटायचं, सून सोशिक आहे. सोशिक कसली, मला वाटायचं बाई खरंच बोलतायत. आणि हे सगळं चालू असताना एका बाईला माहीत होतं की यात माझ्या इच्छेचा काडीचा संबंध नाही. ती समोर उकिडवी बसून पेला संपायची वाट बघत होती.

संध्याकाळी हितेंद्रना सांगितलं. त्यांनी मोबाईल उलटा ठेवला आणि बराच वेळ हाताच्या बोटांनी टेबलावर नुसतं काही तरी पुसत राहिले. मग म्हणाले, काढल्यावर राहील ना? डॉक्टर म्हणाल्या, सांगता येत नाही, असं मी सांगितलं. इतकी वर्षं आत आहे, आतून किती त्रास झालाय ते पुढच्या आठवड्यात काढल्यावर कळेल. त्यावर ते उठले, गॅलरीत गेले, परत आले. "तुझ्या आईनं मला तरी विचारायचं होतं," ते म्हणाले. मला तरी. माणूस चांगला आहे, आणि त्यांचं दुखणं खरं होतं, दुकानात बसून त्यांनीही लोकांचं ऐकून घेतलं होतं. पण त्या 'तरी'वर मी अडकले ते रात्रभर. जाता जाता त्यांनी बजावलं, आमच्या आईला यातलं काही सांगू नकोस, ती गावभर करेल. म्हणजे आता सासूबाईंना माहीत नसलेली एक गोष्ट आमच्यात झाली होती. या घराण्यात गोष्टी परस्परच व्हायच्या असतात, असं दिसतंय.

दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं नव्हतं, पण गेले, आणि नशीब असं की दहावी 'ब'ला तोच धडा चालू होता. फळ्यावर आकृती काढताना खडू दोनदा तुटला. मी सांगत होते, की तांबी गर्भाशयात बसवतात, तिच्यामुळे गर्भ राहत नाही, हवं तेव्हा काढता येते. मागच्या बाकावरची डिंपल उभी राहिली. हुशार मुलगी आहे, फार बोलत नाही, वडील वरणगावच्या कारखान्यात आहेत, इथं मामाकडे शिकायला आहे. तिनं विचारलं, "मॅडम, ती बसवलेली बाईला कळते का?" कुणी तरी फिसकन हसलं. मी त्या मुलाकडे बघितलंही नाही. मी म्हटलं, नाही, सांगितलं नाही तर कळत नाही. मग पुढे म्हणाले, म्हणून आधी विचारावं लागतं, ज्याच्या शरीरात काही करायचं त्यालाच विचारावं लागतं, हे पुस्तकात नाही पण वहीत लिहून घ्या. तिनं लिहून घेतलं. सगळ्यांनी लिहून घेतलं. घंटा झाल्यावर मी खुर्चीत बसले तर हातातला खडूचा तुकडा ओला झाला होता. मी शिपायाकडे अर्ज देऊन बसस्टँडवर गेले आणि धुळ्याची गाडी धरली.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीतून धूळ आत येत होती आणि मी वाक्यं तयार करत होते. शाळेत भाषणाची तयारी करून घेते तशी, मुद्दे, उपमुद्दे. कुठलंच वाक्य टिकेना. वडील जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून आई धुळ्यात नवलकडे राहते. नवल माझा धाकटा भाऊ. तो कामावर होता, भावजय बँकेत. आई एकटीच ओसरीत बसून सुपात दादर ज्वारी पाखडत होती. मला बघून हसली, सुट्टी होती का म्हणाली, पाणी आणायला उठू लागली. मी तिला बसवलं. तिच्याशी मी आयुष्यात कधी शाळेतल्या मराठीत बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"धुळ्याच्या दवाखान्यात तांबी तू बसवायला सांगितलीस?"

तिच्या हातातलं सूप थांबलं. तिनं नाही म्हटलं नाही, मला निदान तेवढी अपेक्षा होती की ती एकदा तरी नाही म्हणेल. ती म्हणाली, "कोनी सांगं तुले?" मशीननं सांगितलं, मी म्हटलं. ती सुपातल्या दाण्यांवरून हात फिरवत हळूहळू बोलायला लागली. त्या बाळंतपणात मी मरते की काय असं तिला झालं होतं. मी स्वतः मूल होते आणि माझ्या पोटी मूल, आणि वर्षाच्या आत दुसरं आलं असतं, तिचं स्वतःचं तसंच झालं होतं. बाईंनी तिला विचारलं, पोरीचं वय किती, खरं सांगा. तिनं खरं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, बसवू का, आणि तिनं मान हलवली. "तुना बापपुढे माले कवय बोलता उनं नही," आई म्हणाली. "डाक्टरीनबाईपुढे बोलता उनं."

"आणि माझ्यापुढे?"

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू पोर, तू नवऱ्याला सांगून टाकलं असतंस, आणि मग त्यांनी तुला नांदवलं नसतं. ते मला कळत होतं. कळतं म्हणून रागावता येत नाही असं नाही. मी विचारलं, आणि औषध? तो पाटा, त्या मुळ्या, ते पहाटे उठवणं? यावर तिनं जे सांगितलं ते मी बसमध्ये तयार केलेल्या कुठल्याच मुद्द्यात बसत नव्हतं. बाईंनी सांगितलं होतं, पाच वर्षांची आहे. आईनं समजून घेतलं, की पाच वर्षांत ती आतल्या आत जिरून जाते. शिवण जिरते तशी. म्हणून पहिली काही वर्षं ती मला उगाच काढे पाजत होती, सासरच्यांच्या डोळ्यांदेखत इलाज चालू दिसावा म्हणून, आणि कुणी मला दवाखान्यात नेऊ नये म्हणून. आणि पाच वर्षं झाल्यावर ती खरे काढे पाजायला लागली. "मंग मी खरी दवाई करी, माय. खरा उपास करात. आते काब्र व्हत नही, माले बी समजे नही. माले वाटनं, मीच पाप करं, तेन्हं फळ तुले भेटनं." म्हणजे दोघीही. मी जळगावात माझ्या इच्छेमुळे आणि ती इथं तिच्या पापामुळे, एकाच पोटासाठी दोघी दोन गावांत उपास करत होतो, आणि त्यातल्या एकीला तोंड उघडायचं होतं, बस. मला तिची दया आली आणि त्या दयेचाच मला संताप आला.

मी आवाज चढवला नाही. शाळेत मी ओरडत नाही, मुलं जास्त घाबरतात. मी तिला माझं ते बाथरूममधलं हसणं सांगितलं. देवळात नाक घासलेलं सांगितलं. ती ऐकत होती आणि मान हलवत होती, आणि ती मान मला बघवेना. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, की पण भलं झालं की नाही तुझं? दुसरं झालं असतं तर कॉलेज कुठलं, नोकरी कुठली. माझ्यासारखी चुलीपुढे बसली असतीस. तू शिकलीस, गावात तुझं नाव घेतात. हे ती जिंकल्यागत बोलली नाही, विचारल्यागत बोलली, आणि ते खरं होतं, तेच तर सगळ्यात वाईट होतं. माझं सगळं शिक्षण, माझी नोकरी, फळ्यावरची आकृती, मी माझ्या जिद्दीचं म्हणून मिरवत होते ते सगळं हिनं एका मानेनं परस्पर करून ठेवलं होतं. माझ्यापाशी माझं म्हणून काय राहिलं?

"तू विचारलं असतंस," मी म्हटलं, "तर मी हो म्हटलं असतं."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला ते खरंच समजलं नाही. "तवय तुले काय समजत व्हतं?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, सूप पुन्हा उचलत, अगदी घरगुती आवाजात, "भूमी मोठी व्हई ना, तवय तू बी हाईच करशी." मी उठले. पाणी न पिता उठले, आमच्याकडे हे फार वाईट समजतात. दारापर्यंत आले तर मागे तिच्या चपलेचा आवाज. ती पिशवीत लुगडं कोंबत होती. पुढच्या आठवड्यात काढायला जायचं म्हणालीस ना, मी येते. मी म्हटलं, गरज नाही. ती म्हणाली, इलाज माहेरचा असतो. तिला नको म्हणण्याचं बळ माझ्यात त्या क्षणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर एकटीनं त्या टेबलावर झोपायची मला भीती वाटत होती. परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. पारोळ्याला तिनं खिडकीतून शेंगदाणे घेतले आणि पुडा माझ्या मांडीवर ठेवला. मी तो तिच्या मांडीवर परत ठेवला.

तो आठवडा आई आमच्याकडे होती. सासूबाईंना, सहज राहायला आलीय, एवढंच सांगितलं. भूमिकाला आजी आली म्हणून आनंद. दोघी गॅलरीत बसून केस विंचरायच्या, आणि मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायचे, आई तिला काय सांगते म्हणून. ती काहीच वावगं सांगत नव्हती, गावाकडच्या गोष्टी, आंब्याची झाडं. तरी मी ऐकायचे. एका दुपारी मी भूमिकाला जवळ बसवून पाळीबद्दल सगळं सांगितलं, चित्र काढून, ती आधी लाजली, मग कंटाळली, मग म्हणाली, मम्मी, हे आम्हाला शाळेतल्या ताईंनी आधीच सांगितलंय. मला हसू आलं. मग मी विचारलं, काही विचारायचंय? ती म्हणाली, नाही, आणि खेळायला पळाली. मला त्या 'नाही'चं किती बरं वाटलं, ते मलाच कळलं.

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. हितेंद्र बाहेर थांबले. आई आत आली, कुणी तिला या म्हटलं नव्हतं, पण वडीलधारी बाई आईच्या नात्यानं आत आली तर कुणी अडवत नाही. मी टेबलावर झोपले, पाय वर घेतले. आई माझ्या डोक्याशी येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. तिची बोटं खरखरीत होती, त्यांना खोबरेल तेलाचा वास होता. डॉक्टरांनी हातमोजे घातले, काही वेळ लागेल, दुखेल थोडं, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "काढल्यावर काय करायचं? नवी बसवायची की मूल बघायचंय?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं होतं, त्यातून काय येणार होतं ते मलाही माहीत नव्हतं, आणि वरून आईचा आवाज आला. "नही बाई, आते नका बसाडू. आते तिले व्हऊ द्या." ती भरपाई करत होती. तिनं जे घेतलं होतं ते ती परत देत होती, तितक्याच प्रेमानं आणि तितक्याच परस्पर. आणि डॉक्टर, ज्या इतक्या चांगल्या होत्या, ज्यांनी मला विचारलं होतं, त्या आईकडे बघून म्हणाल्या, "बरं," आणि ट्रेकडे वळल्या.

"डॉक्टर," मी म्हटलं, "यांना बाहेर बसायला सांगा."

कपाळावरचा हात तसाच राहिला. आईला वाटलं असावं, मी दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नर्सनं तिच्या दंडाला हळूच धरलं, या आजी, तेव्हा तो हात निघाला, आणि जिथं तो होता तिथं कपाळ गार पडलं. दार लागलं. दाराबाहेरच्या बाकावर तिला कुणी तरी विचारलं असणार, आत आहे ती मुलगी का तुमची, कारण तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "मनी अंडेर शे," ती सांगत होती. "एकुलती अंडेर शे मनी."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, मग? काय करायचं? मी छताकडे बघत पडले होते. हो म्हणावं तर ते आईचं होत होतं. नको म्हणावं तर ते तिच्यावरच्या रागाचं. मला मूल हवं होतं की नव्हतं, ते शोधायला आत गेले तर तिथं सगळ्यांचे आवाज होते, सासूबाईंचा, हितेंद्रचा, आईचा, माझा एकही सापडेना. डॉक्टर वाट बघत होत्या आणि मला रडू आलं.

"थांबा जरा," मी म्हटलं. "मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."